पुस्तक कोणतं ते नंतर, वाचलंत कसं ते आधी सांगा

'माझी आवडती दहा पुस्तकं' अशी यादी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केलेली असते. मी दोनदा केली आहे आणि दोन्ही वेळा त्यात अशी तीन-चार नावं घुसडली होती जी मी अर्धीच वाचली होती. म्हणून इथे यादी नको. पुस्तक हाती कसं लागलं, कुठे अडलात, कुणापासून लपवून वाचलंत, परत वाचलं तेव्हा काय झालं, ते लिहा. सवयी लिहा. वाईट असतील तर त्या आधी लिहा.

सुरुवात मीच करते. मला पुस्तक संपलं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तारीख टाकायची सवय आहे. माझ्या 'बनगरवाडी'च्या प्रतीवर अशा तीन तारखा एकाखाली एक आहेत. पहिली आठवीतली. मोठ्या भावाच्या कपाटातलं सगळ्यांत बारीक पुस्तक म्हणून उचललं होतं. धनगरांच्या वस्तीवर एक पोरगेला मास्तर येतो, माणसं येऊन बसतात, उठून जातात, आणि घडत काहीच नाही, असं तेव्हा वाटलं. दुसरी तारीख पहिल्या नोकरीच्या पहिल्या महिन्यातली. जेवणाच्या सुट्टीत सगळे घोळक्याने उठून जायचे आणि मी टेबलाशी हेच पुस्तक उघडून बसायचे. मास्तरला वस्ती स्वीकारते की नाही, या काळजीने मी पानं उलटत होते! तिसरी चाळिशीनंतरची. त्या वेळी मला दुष्काळ सोडून दुसरं काही दिसेचना. आधीच्या दोन्ही वेळा तो 'शेवटी येतो' एवढंच ध्यानात राहिलं होतं. माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपाने आली. माझ्या प्रतीचा पुठ्ठा सुटलाय, पण तारखांचं पान शाबूत आहे.

चला, आता तुम्ही.

*

मी आधी शेवटचं पान वाचतो. मग पहिलं. मग ठरवतो. शिव्या घाला, सवय आहे.

*

माझी गोष्ट एका फर्म्याची आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: छापखान्यात मोठ्या कागदावर बरीच पानं एकदम छापतात, त्या कागदाच्या घड्या घालतात आणि असे फर्मे एकावर एक ठेवून शिवतात. बहुतेक पुस्तकांत एक फर्मा सोळा पानांचा. शिवणारा चुकला की एक फर्मा दोनदा लागतो आणि पुढचा राहून जातो.

मी अकरावीत असताना एक अनुवादित रहस्यकादंबरी वाचत होते. पान ११२ संपलं, उलटलं तर परत ९७. मला वाटलं, लेखकाने मुद्दाम केलंय, काहीतरी क्लृप्ती असेल! मी सोळा पानं इमानदारीत पुन्हा वाचली, फरक शोधत. एकही नव्हता. त्यानंतर थेट १२९. आणि १२९ वर साक्षीदार रडत होता. का रडत होता ते ११३ ते १२८ मध्ये.

तेव्हा दुसरी प्रत मिळवायची अक्कलही नव्हती आणि सोयही. मग मीच ती सोळा पानं मनात लिहिली. त्या साक्षीदाराला एक भाऊ दिला, त्या भावाला एक कर्ज दिलं, आणि मैत्रिणींना ही कादंबरी सांगताना माझा भागही बेमालूम सांगायचे. अकरा वर्षांनी एका लग्नाच्या घरी, पाहुण्यांच्या खोलीत, तीच कादंबरी दिसली. लग्न सोडून आधी ११३ काढलं. साक्षीदाराला सर्दी झाली होती हो! डोळे त्यामुळे वाहत होते आणि गुप्तहेराने त्यावरून चुकीचा तर्क केला होता. इतका राग मी आजवर कुठल्या लेखकावर धरलेला नाही. माझा भाऊ आणि त्याचं कर्ज कितीतरी बरं होतं.

नाव सांगत नाही. रहस्य फुटेल.

*

फर्मेवाल्या ताई, दंडवत.

मी वाचनालयात काम करते, त्यामुळे पुस्तकाच्या आतल्या मजकुराइतकीच त्याची मागची तारखांची चिठ्ठी वाचते. हल्ली संगणक आहे, पण जुन्या पुस्तकांना चिठ्ठ्या अजून चिकटलेल्या आहेत. परवा एक प्रवासवर्णन हातात आलं. चिठ्ठीवर १९८६ चा शिक्का, त्याखाली थेट २००४ चा. अठरा वर्षं ते पुस्तक फळीवर उभं होतं आणि मग कुणीतरी नेलं, मुदत वाढवून घेतली, आणि पुन्हा नेलं. कोण असेल?

जागा कमी पडते, मग 'न फिरलेली' पुस्तकं बाजूला काढायची वेळ येते. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला तिसरा नियम असा की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. मुदत मात्र त्यांनी घालून दिलेली नाही. त्यामुळे काढायच्या यादीत एखादं आवडतं नाव दिसलं की मी ते आदल्या दिवशी स्वतःच्या खात्यावर घेते. पुस्तक 'फिरलं' अशी नोंद होते आणि यादीतून सुटतं. त्यातली निम्मी मग खरोखर वाचलीही आहेत. ही कबुली समजा.

*

मी सदतीस पानांचा माणूस आहे.

आमच्या घरात ताटात टाकायचं नाही तसं पुस्तकही अर्धं सोडायचं नाही, असं होतं. त्यापायी एका तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाने माझं अख्खं एक वर्ष खाल्लं. तो संपेना म्हणून दुसरं काही उघडता येईना, आणि तो उघडवेना म्हणून वाचनच बंद! त्यातून मला सोडवलं ते नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंच्या नियमाने. पन्नाशीच्या आत असाल तर पुस्तकाला पन्नास पानं द्या. पन्नाशी ओलांडली असेल तर शंभरातून आपलं वय वजा करा आणि उरतील तेवढी पानं द्या. मी त्रेसष्टचा आहे. दरवर्षी एक पान कमी होतं, म्हणजे लेखकांनी माझ्यापुरती तरी आता लवकर मुद्द्यावर यायला हवं.

दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२ साली वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यात पानं गाळण्याचा हक्क दुसरा आणि पुस्तक अर्धं सोडण्याचा तिसरा. पहिला तर न वाचण्याचाच! मुलगा म्हणतो, बाबा, हे तुम्ही आम्हाला शाळेत असताना सांगायला हवं होतं.

*

वडिलांना काचबिंदूमुळे दिसेनासं झालं, तेव्हापासून मी त्यांना संध्याकाळी वाचून दाखवायला लागलो. पहिलं पुस्तक त्यांनीच निवडलं, 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी आलं. मी त्याचा एक उतारा पाठ्यपुस्तकात वाचून परीक्षेपुरता विसरलेला.

मोठ्याने वाचायला लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही की काही पुस्तकं जिभेला अडतात आणि काही अजिबात अडत नाहीत. लक्ष्मीबाईंचं वाक्य श्वास संपायच्या आत संपतं. सोवळ्याच्या वेडापायी घराला जेरीस आणणारे त्यांचे वडील, मनात येईल तेव्हा घरातून निघून जाणारा नवरा, सगळं त्या अशा सांगतात की हसू येतं, आणि हसून झाल्यावर वडील म्हणायचे, "थांब. आता मागचं वाक्य परत वाच." परत वाचलं की त्यात हसण्यासारखं काही नसायचं.

मी घाईने वाचतो, नावं गिळतो, हे मला पंचेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. वडील सांगायचे. "स्वल्पविराम खाल्लास." त्यांना तो दिसत नव्हता, पण ऐकू यायचा.

हा प्रसंग हळवा होतोय असं वाटत असेल तर पुढचं ऐका. वर्षभराने बहिणीने त्यांना फोनवर ध्वनिपुस्तकं लावून दिली. आता ते दीडपट वेगाने ऐकतात आणि मी वाचायला बसलो की म्हणतात, "तू फार रेंगाळतोस."

*

ई-वाचकाची बाजू कुणीतरी मांडायला हवी, मांडतो. रात्री दिवा न लावता वाचता येतं, अक्षर हवं तेवढं मोठं होतं, आणि दोनशे पुस्तकं एका हातात मावतात. मराठीचं दुखणं मात्र आहे. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती म्हणजे नुसते फोटो, अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पडदा सरकवत बसावं लागतं.

पण खरा घात टक्क्यांनी केला. यंत्र पान सांगत नाही, टक्के सांगतं. एका चरित्रात ७८ टक्क्यांना नायक आजारी पडला. मी म्हटलं, बरा होईल, अजून बरंच पुस्तक आहे. ८१ ला गेला. पुढचं सगळं टिपा आणि सूची! छापील पुस्तकात उजव्या अंगठ्याखाली किती पानं उरलीत ते कळत असतं, आणि टिपांचा बारीक टाइप आधीच चाळून झालेला असतो. मला कुणी तयारच केलं नाही.

*

त्यावरून आठवलं, जपानीत न वाचता साठवलेल्या पुस्तकांच्या ढिगाला 'त्सुंदोकु' म्हणतात. आमच्याकडे त्याला 'तुझा पसारा' म्हणतात.

*

मी जुनी, वापरलेली पुस्तकंच घेते. कोऱ्या पुस्तकात मला एकटं वाटतं.

इरावती कर्व्यांचं 'युगान्त' (१९६७) मला असंच मिळालं. आधीच्या वाचकाने कडक पेन्सिलीने, पट्टी लावून रेघा मारलेल्या. शिस्तीचा माणूस असावा, किंवा बाई. अक्षर तिरपं, बारीक. धर्म हा विदुराचा मुलगा असावा, अशी शक्यता कर्वेबाई एका लेखात मांडतात. तिथे समासात 'खोटं!' असं लिहिलंय आणि उद्गारचिन्ह इतकं दाबून की मागच्या पानावर उठलंय. पुढच्या पानावर नुसतं प्रश्नचिन्ह. आणखी पुढे, त्याच अक्षरात, पण पट्टी वगैरे न लावता, 'असेल.'

पूर्णविरामासकट. मी त्या तीन पानांवर एक अख्खी दुपार घालवली आहे. बाईंचा युक्तिवाद मला आजही पूर्ण पटत नाही, पण तो वाचताना बदललेला एक माणूस माझ्या कपाटात आहे. 'असेल'च्या खाली मी निळ्या शाईने 'नसेलही' लिहून ठेवलंय. पुढे ते ज्याच्या हाती जाईल त्याने ठरवावं.

(वर पेन्सिलीने तारखा टाकणाऱ्या ताईंनी प्रत कधी काढलीच, तर मला कळवा.)

*

'कोसला' एकोणिसाव्या वर्षी वाचली आणि पुढचे सहा महिने मी पांडुरंग सांगवीकरसारखा बोलत, लिहीत आणि कंटाळत होतो. डायरी तर इतकी हुबेहूब की आता वाचवत नाही. नेमाड्यांची ही पहिली कादंबरी १९६३ ची, तेव्हा ते जेमतेम पंचविशीचे. हे तेव्हा कळलं असतं तर आणखी बिघडलो असतो.

गेल्या वर्षी परत वाचली. आता माझा मुलगा एकोणीसचा आहे. मी पूर्ण वेळ पांडुरंगच्या वडिलांचे पैसे मोजत होतो. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाच्या पानांपाशी मात्र तेव्हाही पुस्तक मिटून ठेवलं होतं आणि आताही ठेवलं. मुलाला पुस्तक दिलंय. अजून त्याने उघडलेलं नाही, आणि मी विचारत नाही.

*

सहा वर्षांची लेक, फास्टर फेणे, सलग एकवीस रात्री एकच गोष्ट. चौदाव्या रात्री मी झोपेत एक परिच्छेद गाळला. अंधारातून आवाज आला, "आई, ट्टॉक राहिलं." बस्स, एवढंच सांगायचं होतं.

*

ट्टॉक! भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नही मराठीत आणला. मी तो इतका लहानपणी वाचला की व्हर्न हा मराठी लेखक आहे अशी माझी पक्की समजूत होती. 'व्हर्न' हे आडनाव कुठलं, एवढाच प्रश्न पडायचा.

*

शेवटचं पान आधी वाचणारा मी, पुन्हा आलोय. सगळे अनुभव वाचले. खालून वर.

फर्मेवाल्या ताई, त्या कादंबरीचं नाव मला तरी सांगाच. रहस्य मी कसंही आधीच वाचणार. आणि तुमचा तो कर्जबाजारी भाऊ एका कागदावर लिहून द्या, ११२ च्या पुढे ठेवतो.