मदत हवी आहे: मेंढीकोटचा गेम करतोय, पत्ते खरे पिसू की घरच्यासारखे?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा मावसभाऊ पुण्यात नोकऱ्या सांभाळून रात्री मेंढीकोटचा मोबाइल गेम बनवतोय. चार भिडू, दोन जोड्या, प्रत्येकी १३ पानं, जास्त मेंढ्या (म्हणजे दश्श्या) पकडेल त्याचा डाव. सोपं वाटलं होतं. वर्ष होत आलं, गेमला अजून नावसुद्धा नाही, फोनवर तो 'मेंढी चाचणी ७' असा दिसतो.

नात्यातल्या आणि ऑफिसातल्या तीसेक जणांना खेळायला दिला. निम्मे म्हणतात, पत्ते फार फाटके येतात, हातात एखादा रंगच नसतो, गेम लबाडी करतो. उरलेले म्हणतात, पत्ते फारच सारखे येतात, एका रंगाची सात-आठ पानं कधी लागतच नाहीत, गेम मुद्दाम अळणी ठेवलाय. दोन्ही तक्रारी एकाच गेमबद्दल, एकाच आठवड्यात!

आम्ही लबाडी करत नाही. पिसायला फिशर-येट्स नावाची सरळ रीत वापरली आहे, तिच्यात ५२ पानांचा कुठलाही क्रम यायची शक्यता सारखीच असते. हजारो डाव वाटून मोजले. ४-३-३-३ (एका रंगाची चार, बाकीच्यांची तीन-तीन पानं) असा अगदी सपाट हात साधारण १०.५ टक्के वेळा येतो आणि एखादा रंग अजिबात नाही असा हात ५ टक्के वेळा. गणितात हेच आकडे यायला हवेत. पण खेळणाऱ्याला गणित काय करायचंय? 'चारही मेंढ्या समोरच्यांनाच कशा?' असा मेसेज मला रात्री साडेअकराला येतो. चारही दश्श्या वाटतानाच एका जोडीकडे जाण्याची शक्यता ११ टक्के आहे, म्हणजे साधारण नऊ डावांत एकदा. निम्म्या वेळा त्या तुमच्याकडेच असतात, पण तेव्हा कुणी मेसेज करत नाही.

मावसभावाचं म्हणणं, पत्ते जरा 'बरे वाटतील' असे वाटू. मला ते पटत नाही. एकदा हात घातला की खोटारडेपणाचा आरोप खराच होईल. तुम्हाला काय वाटतं?

दुसरा गोंधळ नियमांचा. बंद हुकूम आणि कट हुकूम दोन्ही ठेवलेत. कटमध्ये भांडण नाही: पहिल्यांदा ज्याच्याकडे रंग नसेल तो जे पान टाकेल, तो रंग हुकूम. बंदमध्ये मात्र घरोघरी वेगळं. एकाने हुकमाचं पान उलटं ठेवलंय, कुणाकडे उतारीचा रंग नाही म्हणून त्याने 'हुकूम उघडा' म्हटलं. आता त्याने हुकूम मारायलाच हवा, की हुकूम बघून भलतं पान टाकलं तरी चालेल? आमच्या आजोळी मारायलाच लागतो, नाहीतर मामा पानं फेकून उठायचा. तुमच्याकडे?

तिसरं, आजी. तिला फोन दिला तर प्रत्येक पान टाकायच्या आधी तिचा अंगठा जिभेला लागतो, पन्नास-साठ वर्षांची सवय. ओल्या बोटाने काचेवर भलतंच पान सरकतं. किलवरची तिर्री टाकायला गेली आणि बदामची मेंढी घालवून बसली. फोन उशाखाली ठेवला तो दोन दिवस काढला नाही. म्हणून आता पान दोनदा दाबल्याशिवाय पडत नाही, तर तरुण मंडळी म्हणतात गेम रडतखडत चालतो.

आणि रोख मदत: नव्या वैयक्तिक खात्यावरून गूगल प्लेवर गेम आणायचा तर आधी बंद चाचणीत किमान १२ जणांनी सलग १४ दिवस राहावं लागतं (पूर्वी २० लागायचे, हे त्यातल्या त्यात बरं). आमचे नातेवाईक चार दिवसांत गेम उडवतात. टिकणारे बारा जण हवेत. जुना, २ जीबी रॅमचा फोन असेल तर सोन्याहून पिवळं. इच्छुकांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बदामसात:
मी येतो. फोन जुना आहे, चार्जिंगला लावला की गॅसवर ठेवल्यासारखा तापतो, चालेल का?

नियमाचं: आमच्याकडे (जळगाव) हुकूम उघडायला लावला की मारायचाच. हातात हुकूम नसेल तरच सुटका.

गुलामचोर:
रत्नागिरीकडे आम्ही सक्ती करत नाही. उघडायला लावून शांतपणे दुर्री टाकणं हाच तर डावपेच आहे. गेममध्ये पर्याय ठेवा की सरळ. आणि एक मेंढी तुमच्या, तीन आमच्या, हे ठीक. पण दोन-दोन झाल्या तर काय करता?

धागाकर्ता:
दोन-दोनला ज्याचे सात किंवा जास्त हात, त्याचा डाव. यावर आत्तापर्यंत कुणी भांडलेलं नाही, नजर न लागो.

पर्याय ठेवायला हरकत नाही, पण आधीच सुरुवातीच्या पडद्यावर नऊ बटणं झालीत. सासूबाई म्हणाल्या, 'हा पत्त्यांचा डाव आहे की बँकेचा फॉर्म?'

झब्बू_देणारी:
पर्यायांची बटणं नकोत. 'कुठल्या घरचा मेंढीकोट?' एवढंच विचारा आणि तीन-चार तयार घरं द्या. खानदेशी घर, कोकणी घर, किंवा नुसतं 'मामाचं घर'. आत नियम आधीच लावलेले. खोडी काढायची ज्याला हौस आहे त्याच्यासाठी आत कुठेतरी लपवून ठेवा.

आजीच्या अंगठ्यासाठी: दोनदा दाबणं फक्त मेंढी आणि एक्का टाकताना ठेवा. तिर्री चुकून गेली तर कुणी मरत नाही.

धागाकर्ता:
@झब्बू_देणारी, हे आम्हाला वर्षभरात सुचलं नाही. दोन्ही करतो.

पाच_तीन_दोन:
पैसे लावायची सोय आहे का? निदान पाच-दहा रुपये?

धागाकर्ता:
नाही, आणि येणारही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदीच आहे, कौशल्याचा खेळ म्हटलं तरी सुटका नाही. तसंही आमच्या घरी चिंचोके लावायचे. गेममध्ये चिंचोके आहेत, आवाजासकट.

लॅडीस_खेळणारा:
पत्त्यांबद्दल नंतर, आधी तुमच्या संगणक भिडूचं काहीतरी करा. मी इस्पिकचा एक्का उतरलो, पहिलीच फेरी, त्याच्या हातात इस्पिकची मेंढी, आणि पठ्ठ्या अठ्ठी टाकतो. नंतर तीच मेंढी समोरच्याने राजाने उचलली. असा भिडू घरात असता तर त्याला चहा करायला पाठवला असता.

धागाकर्ता:
कबूल. तो कुणाची पानं चोरून बघत नाही, हे आधी सांगतो. न दिसणारी पानं शंभर तऱ्हांनी वाटून बघतो आणि ज्या पानाने जास्त वेळा भलं होतं ते टाकतो. हुकूम बंद असला की घाबरतो, कुणीतरी कापेल म्हणून मेंढी दाबून ठेवतो.

लॅडीस_खेळणारा:
मग त्याला माणसांची अक्कल शिकवा. रंगाची पहिली फेरी, भिडूचा एक्का पडलाय: मेंढी द्यायची. पहिल्या फेरीत कुणाकडे रंग नसणं क्वचितच होतं. दुसऱ्या फेरीत विचार करायचा. तिसऱ्या फेरीत, आपण शेवटचे नसू तर, द्यायचीच नाही. आमच्या वडिलांनी एवढंच शिकवलं होतं. आणि फेरीत शेवटचं पान टाकणारा असशील, हात भिडूचा असेल, तर डोळे मिटून मेंढी टाक. तुमचा भिडू तिथेसुद्धा दोन सेकंद विचार करत बसतो.

चौकटची_नव्वी:
आता पिसण्याबद्दल, कारण मूळ प्रश्न तोच आहे आणि सगळे मेंढ्यांमागे लागलेत.

मी क्लबात ब्रिज खेळते. ब्रिजमध्ये संगणकाने वाटलेले हात आले तेव्हा हीच ओरड झाली होती, की पानं फार वेडीवाकडी येतात. संगणक बरोबर होता, माणसं नीट पिसत नव्हती. कारण साधं आहे. डाव संपल्यावर जिंकलेले हात गोळा करतो तेव्हा एका हातातली चार पानं बहुतेक एकाच रंगाची असतात. कॅट तसाच ठेवून, वरवर पिसून, एकेक पान वाटलं की त्या चारातलं प्रत्येकाला एकेक जातं. म्हणून घरचे हात सपाट येतात. १९९२ साली डेव्ह बायर आणि पर्सी डायाकोनिस यांनी दाखवलं की कॅटचे दोन भाग करून फर्रकन एकमेकांत मिसळले तर ५२ पानांना साधारण ७ वेळा तरी करावं लागतं. आपण मात्र हातातल्या हातात गठ्ठे वरखाली करतो, त्याला याच्या कैक पट वेळ लागेल. आपण करतो चार वेळा, आणि कुणीतरी म्हणतं 'बास की, वाट आता'.

तेव्हा फाटक्या पत्त्यांची तक्रार करणारे खोटं बोलत नाहीत. त्यांनी आयुष्यभर सपाट पत्तेच पाहिलेत.

धागाकर्ता:
हे वाचून रात्री उठून बसलो. पण मग उरलेल्या निम्म्यांचं काय? त्यांना आमचे पत्ते अळणी वाटतात.

गुलामचोर:
ते एकेक पान वाटत नसतील! आम्ही पाच-चार-चार वाटतो. आधी सगळ्यांना पाच-पाच, मग चार-चार, परत चार-चार. हुकूमवाला पहिली पाच बघूनच हुकूम ठेवतो. आता न पिसलेला कॅट असा गठ्ठ्याने वाटा: एका हातातली चार एका रंगाची पानं एकाच माणसाकडे. माझ्याकडे एकदा बदामाची नऊ आली होती, गणपतीत, अजून सांगतो सगळ्यांना.

चौकटची_नव्वी:
अगदी बरोबर, हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण ब्रिजमध्ये एकेकच वाटतात. धागाकर्ते, तुमच्या तीस जणांना विचारा, घरी कसं वाटता. मी चिंचोके लावते की तक्रारी तिथेच फुटतील.

धागाकर्ता:
काल दिवसभर फोन केले. २३ जण सापडले. 'फाटके' म्हणणाऱ्या ११ पैकी ९ जण एकेक वाटणारे. 'अळणी' म्हणणाऱ्या १२ पैकी १० जण पाच-चार-चारवाले. उरलेल्यांत एक काका म्हणाले, 'आम्ही वाटतच नाही, बायको वाटते.'

मावसभावाला फोनवर सांगितलं तर तो आधी दोन मिनिटं हसला, मग म्हणाला की म्हणजे भांडण खरं आणि खोटं यातलं नव्हतंच. आता ठरलंय असं: मूळ पद्धत खरी पिसण्याचीच. तिच्या शेजारी 'घरचं पिसणं', उघडपणे तसं लिहून. त्यात गेम आधीच्या डावाचे हात खरोखर गोळा करेल, गठ्ठे वरखाली करेल, आणि तुम्ही निवडाल तसं एकेक किंवा पाच-चार-चार वाटेल. यात लबाडी नाही ना? पानं कुणाला द्यायची हे आम्ही ठरवत नाही, फक्त पिसणारा आळशी आहे.

चौकटची_नव्वी:
नाही. फक्त आळस किती, ते मनाने ठरवू नका. मोजा.

झब्बू_देणारी:
बाकी काही असो, 'पिसा' या बटणावर माझ्या फोनमध्ये 'पसिा' दिसतंय. आणि 'एक्का' मध्ये क चा पाय मोडलाय.

धागाकर्ता:
माहीत आहे, लाज वाटते. आमच्या इंजिनाचं मजकूर दाखवणारं साधन अक्षरं एकापुढे एक मांडतं, वेलांटी कुठे जाते आणि जोडाक्षर कसं होतं ते त्याला कळत नाही. सध्या बटणांवर मजकुराऐवजी चित्रंच चिकटवतोय, काही राहून गेली. कुणी यातून गेलंय का?

बदामसात:
मी गोडो ४ या गेम इंजिनात एक छोटा शब्दखेळ केलाय. त्यात आत हार्फबझ (अक्षरं नीट जोडून मांडणारं साधन) आहे, देवनागरी विनातक्रार येते. आता सगळा गेम हलवणं शक्य नसेल तर हार्फबझ जोडणारं प्लगिन शोधा. चित्रं चिकटवत बसलात तर खेळाडूंनी स्वतःची नावं लिहिली की परत तेच. 'श्रीकृष्ण' लिहून बघा.

धागाकर्ता:
लिहून बघितलं. बघायला नको होतं. प्लगिन शोधतो.

चाचणीसाठी नऊ जण झाले, तीन हवेत. आणि @चौकटची_नव्वी म्हणतायत तसं मोजायचंय, म्हणून सगळ्यांना एक काम: घरी, कट्ट्यावर, गाडीत, जिथे खऱ्या पत्त्यांनी मेंढीकोट खेळाल तिथे वाटून झाल्यावर फक्त स्वतःच्या हातात कुठल्या रंगाची किती पानं आली ते लिहा. क्रम असा: इस्पिक-बदाम-किलवर-चौकट. सोबत किती वेळा पिसले आणि कसे वाटले. बाकी काही नको.

लॅडीस_खेळणारा:
मी दहावा, चाचणीत घ्या. आजची ८:०४ ची अंबरनाथ लोकल, आमचा नेहमीचा ग्रुप, मांडीवर बॅग ठेवून. तीनदा पिसले, पाच-चार-चार वाटले.

६-३-२-२
१-७-३-२
४-४-०-५
२-२-८-१
३-५-४-१

सहावा डाव दादरला मोडला, पिसणारा उतरला.