पहिल्या पावसात मेकॅनिकल स्क्रीन सारखी ट्रिप होते, काय करू?

नवा_ऑपरेटर: आमचा सांडपाणी प्रकल्प 12 एमएलडीचा (दिवसाला 12 दशलक्ष लिटर), नगरपालिका हद्दीतला. मी सहा महिन्यांपूर्वी रुजू झालो. पंपांच्या आधी 20 मिमी फटीची मेकॅनिकल बार स्क्रीन आहे, म्हणजे कचरा अडवणारी उभ्या गजांची जाळी; मोटरवरचं दाताळं तिच्यावरचा कचरा खरवडून वर आणतं. टायमरवर दर 20 मिनिटांनी चालते. उन्हाळाभर काही तक्रार नव्हती. परवा मोठी सर पडली आणि रात्रीत पाच वेळा ओव्हरलोडवर ट्रिप झाली (जास्त भार आला की मोटर आपोआप बंद पडते). शेजारच्या चॅनलमध्ये हाताने साफ करायची 50 मिमीची जाळी आहे. ठेकेदार म्हणतो, पावसाळाभर पाणी तिकडूनच सोडा. पण दोनच दिवसांत पंपाच्या इम्पेलरला (आतल्या फिरत्या पात्यांना) केस आणि चिंध्यांचा दोर गुंडाळला गेला. ओव्हरलोडची सेटिंग वाढवू का?

जाळीवाला: सेटिंगला हात लावू नका, दादा. ट्रिप झाली म्हणून गियरबॉक्स वाचलाय. मी 19 वर्षं याच कामात आहे, तेव्हा आधी एक सांगा: ट्रिप होते तेव्हा दाताळं कुठे असतं? तळाशी की वर?

वर अडकत असेल तर दातांवरचा कचरा पुसून काढणारा वायपर बघा. त्याचं रबर झिजलं की केस आणि प्लॅस्टिक दातांतून सुटत नाहीत, तसेच पुन्हा खाली जातात. तळाशी अडकत असेल तर मला वाळूचा संशय आहे. उन्हाळ्यात पाणी कमी, त्यात रात्री तर अगदीच कमी. चॅनलमधला वेग सेकंदाला 0.3 मीटरच्या खाली गेला की वाळू बसायला लागते. महिनोन् महिने ती स्क्रीनच्या पायथ्याशी साठते, आणि पहिल्या पावसात रस्त्यावरची माती वाहून येऊन तिच्यात भर पडते. दाताळं त्यात रुततं.

दुसरं म्हणजे फक्त टायमरवर विसंबू नका. गजांवर साठलेल्या कचऱ्याची गोधडी होते आणि फटी बुजतात. मग मागे पाणी चढतं, उरलेल्या फटींतला वेग वाढतो आणि अडकलेली चिंधी दाबाने पलीकडे ढकलली जाते. स्क्रीनच्या पुढच्या-मागच्या पातळीतला फरक मोजणारा सेन्सर लावून घ्या. आम्ही 10 सेंटीमीटर फरकाला दाताळं चालू करतो, टायमर नुसता जोडीला.

आणि एक कळकळीची विनंती. कितीही घाई असली तरी चॅनलमध्ये माणूस उतरवू नका. तिथे हायड्रोजन सल्फाइड असतो. तो वाढला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं, हवा स्वच्छ आहे. माझ्यासमोर एक मुलगा असा कोसळलाय. वाचला, पण तो चेहरा मी विसरलेलो नाही. सुरक्षासाधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. आधी पाणी दुसऱ्या चॅनलकडे वळवा, गेट बंद करा, पॅनलला कुलूप घाला, मग सक्शन मशीनने वरूनच वाळू ओढा.

लॅबवाली: केसांबद्दल थोडं. गजांची जाळी एकाच दिशेने अडवते. लांब केस आणि चिंध्या उभ्या फटीतून सरळ निसटतात, फट 20 ची असो वा 10 ची. भोकांच्या पत्र्याची 6 मिमी फाइन स्क्रीन दोन्ही दिशांनी अडवते. पंपांनंतर तशी असेल तर पुढच्या टाक्यांतले हवा सोडणारे डिफ्युझर वाचतात. पंप मात्र त्याने वाचत नाहीत, तिथे दाताळं वेळेवर चालणंच महत्त्वाचं. निघालेला कचरा धुऊन, दाबून मगच पाठवा. मैला पुन्हा प्रवाहात जातो, वजन घटतं आणि ट्रॅक्टरमागे रस्ताभर पाणी गळत नाही.

नवा_ऑपरेटर: दाताळं तळाशीच अडकत होतं! काल गेट बंद करून सक्शन लावलं. पायथ्याशी जवळजवळ फूटभर वाळू, त्यात नारळाच्या करवंट्या आणि एक अख्खी चप्पल. रात्रभर एकदाही ट्रिप नाही. सेन्सरची मागणी आज लेखी दिली. जाळीवाले काका, तो मुलगा आता बरा आहे ना?

जाळीवाला: बरा आहे. आमच्याच पंपहाउसवर आहे, पॅनल सांभाळतो.