चमत्काराचा पुरावा : नाशिकमधील ख्रिस्ती आणि नास्तिक यांचे अनुभव

चमत्कार, प्रार्थनेचा गुण आणि येशूचे पुनरुत्थान, म्हणजे मरणातून पुन्हा उठणे, या विषयांवर ख्रिस्ती व नास्तिक यांच्यात समोरासमोर झालेल्या वादांचे अनुभव मागवले होते. कोण जिंकले ते लिहू नये, समोरच्याचा कोणता मुद्दा आपल्याला खोडता आला नाही ते लिहावे, एवढीच अट होती. ती सर्वांनी पाळली आहे, असे मात्र म्हणवत नाही.

निवृत्त परिचारिका, शरणपूर रोड

माझा भाचा नास्तिक आहे आणि ते लपवत नाही. नाताळच्या जेवणाला मात्र न चुकता येतो. आमच्या मंडळीतील एका बाईंनी उपासनेत साक्ष दिली की, यजमानांचा न्यूमोनिया केवळ प्रार्थनेने बरा झाला. हे कळल्यावर तो म्हणाला, "मावशी, दर आठ तासांनी शिरेतून अँटिबायोटिक जात होतं, त्याचं नाव साक्षीत का आलं नाही?" मग त्याने २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास दाखवला. त्यात बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले होते. आपल्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही, असे अनिश्चितच दोन गटांना सांगितले होते. त्यांपैकी ज्या गटासाठी ती झाली त्यातील ५२ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली आणि ज्याच्यासाठी झाली नाही त्यातील ५१ टक्क्यांना. आपल्यासाठी प्रार्थना होणार, हे ज्यांना निश्चित ठाऊक होते, त्यांच्यात तर हे प्रमाण ५९ टक्के निघाले.

मी म्हटले, देवाची परीक्षा पाहू नये, असे प्रभूने स्वतः सैतानाला बजावले आहे. त्यावर तो म्हणाला, "परीक्षा नको, तर निकालही सांगू नका. गुण आला की देवाचा आणि नाही आला की देवाची इच्छा, असा हिशोब मी दवाखान्यात चालवला असता तर तू मला नोकरीवर ठेवलं असतंस का?" याचे उत्तर माझ्याकडे नाही. रुग्णाजवळ मी आजही प्रार्थना करते, कारण रात्रपाळीत घाबरलेल्या माणसाचा श्वास तिने संथ होताना मी पाहिला आहे. पण एवढ्यावरून न्यूमोनियाबद्दल काही सिद्ध होते, असे मी म्हणत नाही.

यंत्र अभियंता, सातपूर

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा पृष्ठताण (द्रवाच्या पृष्ठभागावरचा ताण) आणि केशाकर्षण (बारीक फटींतून द्रव आपोआप ओढला जाणे) यांचे स्पष्टीकरण माझ्या ख्रिस्ती सहकाऱ्याने कारखान्याच्या कँटीनमध्ये चमचा घेऊन सर्वांना करून दाखवले होते. पुढे २०१२ साली मुंबईत विलेपार्ल्याच्या वेलंकनी माता चर्चजवळील क्रूसावरून पाणी ठिबकू लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी तुंबलेल्या सांडपाण्याकडे बोट दाखवले. ओल वर चढत होती तीही केशाकर्षणानेच. त्यांच्याविरुद्ध मात्र धार्मिक भावना दुखावल्याच्या, कलम २९५-अ खालील तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला निघून गेले. मी सहकाऱ्याला विचारले की, १९९५ चा चमचा आता कुठे गेला?

तो चिडला नाही. ओलीचा चमत्कार आपल्याला नकोच आहे, पण पुनरुत्थान ही भिंतीची ओल नव्हे, असे तो म्हणाला. बायबलमधील, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात, उठलेल्या येशूला पाचशेहून अधिक जणांनी पाहिल्याचा उल्लेख आहे आणि ते पत्र घटनेनंतर साधारण पंचवीस वर्षांत लिहिलेले आहे. माझे म्हणणे असे की, त्या पाचशेंची नावे नाहीत, गाव नाही, त्यांच्यापैकी कोणाची जबानी नाही. आहे ती एका पत्रातील एक ओळ. प्रेषितांनी छळ सोसला, यावरून त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो, घटना सिद्ध होत नाही. यावर त्याने विचारलेला प्रश्न मला अडचणीचा गेला. "कोणता पुरावा आला तर तू मत बदलशील, ते आधी लिहून दे." मी गेटपासच्या पाठीमागे लिहिले : गुडघ्याखाली कापलेला पाय पुन्हा उगवावा, आधीचे व नंतरचे एक्स-रे त्रयस्थ डॉक्टरांनी तपासलेले असावेत. त्याने वाचून विचारले, "आणि तसे घडले, तर एक्स-रे बदलले असे नाही ना म्हणणार?" पहिली शंका मला तीच येईल, हे मला कबूल करावे लागले.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक रोड

फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला सर्व धर्मांचे लोक येतात. नवस फेडणारे दिसतात, ज्यांचा नवस फळला नाही ते परत येत नाहीत, मग मोजणार कोण, असे माझा मित्र विचारतो. मी त्याला फ्रान्समधील लूर्द या तीर्थक्षेत्राचे उदाहरण देते. तेथे सात हजारांहून अधिक बरे झाल्याच्या नोंदी आल्या, वैद्यकीय छाननी झाली आणि २०१८ पर्यंत चर्चने मान्य केले ते फक्त ७० चमत्कार. चर्चच इतके नाकारते, हा माझा मुद्दा. "कारण सापडले नाही" म्हणजे "देवाने केले" कसे, हा त्याचा.

निवृत्त लिपिक, मूळ नगर जिल्हा

मी ख्रिस्ती घरातला नास्तिक. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो येशूच्या रिकाम्या कबरीचा पुरावा तपासून नव्हे. गावच्या देवळाची पायरीसुद्धा ज्यांना वर्ज्य होती, त्यांना मिशनच्या शाळेत बाकावर बसायला मिळाले. वाद घालणारे दोन्ही पक्ष यरुशलेमच्या कबरीपाशी अडतात आणि या बाकाविषयी कोणीच विचारत नाही. पाळकसाहेबांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "तोच चमत्कार." मला ते पटले नाही, मिशनच्या जमाखर्चात त्या बाकाची किंमत लिहिलेली असणार.