जुन्या स्विफ्टमध्ये पुन्हा मजा आणायची आहे, बजेट ४५ हजार, मदत हवी

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी,

राहायला कासारवडवली, नोकरी महापेला. गाडी २०१६ ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, पहिल्यापासून माझ्याकडेच, ७१ हजार किलोमीटर झालेत. रोजचा रस्ता घोडबंदर रोड, कापूरबावडी, माजिवडा, कळवा पूल, विटावा आणि मग ठाणे-बेलापूर रोड. या वाटेवर मजा शोधणं म्हणजे सकाळच्या साडेआठच्या लोकलमध्ये खिडकी शोधणं. त्यामुळे रोजच्या प्रवासाबद्दल माझी काही तक्रार नाही.

महिन्यातून एकदा सासुरवाडीला ओतूरला जातो. पहाटे पाचला निघायचं, मुरबाड, सरळगाव, टोकावडे, आणि उजाडता उजाडता माळशेज. गाडी नवी होती तेव्हा या घाटात बायको म्हणायची, "आरशात तोंड बघ स्वतःचं, बोर्डात आल्यासारखं दिसतंय." आता तसं होत नाही. वळणावर गाडी झुलते. स्टिअरिंग फिरवलं की क्षणभर काहीच होत नाही, मग वळते. खड्ड्यात पुढून डावीकडून 'टक्' वाजतं. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी करतो, दरवेळी गाडी 'सगळं ओके' म्हणून परत मिळते.

मागच्या महिन्यात एका ॲक्सेसरीवाल्याकडे गेलो. त्याने ६८ हजारांचं पॅकेज सांगितलं: १६ इंची अलॉय आणि रुंद टायर, गाडी ४० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, दणदणीत आवाजाचा सायलेन्सर आणि ईसीयू रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलणं). वर म्हणाला, "साहेब, गाडी ओळखू येणार नाही." नेमकं हेच ऐकून मी जरा बिचकलो.

मागच्या सीटवर आई (कंबरेचं दुखणं) आणि सात वर्षांची लेक असते. मायलेज अगदी झोपायला नको. ४५ हजारांत काय करावं, आणि आधी काय, नंतर काय? 'विका आणि नवी घ्या' हा सल्ला घरात फुकट मिळतोय, तो कृपया नको.

शून्य_ते_साठ

सायलेन्सर आणि रिमॅप घ्या, बाकी सोडा. आवाज आला की निम्मी मजा तिथेच.

गोट्या_गियरवाला

थांबा, एवढ्यात खिसा उघडू नका. आधी तीन गोष्टी सांगा. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, ते काय आहेत? हवा किती भरता आणि ती कोण ठरवतं? लोअर आर्मचे बुश (रबरी जोड) आणि शॉकअप (धक्के शोषणारे) शेवटचे कधी बदलले?

कासारवडवलीकर

पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन वाकून बघितलं, वॉचमनला वाटलं किल्ली हरवली.

चारही टायरवर १११९. स्टेपनीवर ३६१६, आणि तिचे रबराचे केससुद्धा अजून गळलेले नाहीत. हवा पंपावरचा मुलगा भरतो, ३५. सगळ्यांना तो ३५ च भरतो. बुश, शॉकअप कधीच बदललेले नाहीत. बदलायचे असतात?

गोट्या_गियरवाला

मिळालं उत्तर. १११९ म्हणजे २०१९ सालच्या अकराव्या आठवड्यातले टायर. सहा वर्षं उलटली. नक्षी शिल्लक असेलही, पण रबर उन्हाने कडक होतं आणि ओल्या रस्त्याला धरत नाही. स्टेपनी तर गाडीच्या वयाची, तिच्यावर घाटात विसंबू नका.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, गाडीत दोघे असताना वेगळा आणि भरलेली असताना वेगळा. तो गार टायरचा असतो. दहा किलोमीटर चालवून पंपावर गेलात की आकडा आपोआप चढलेला दिसतो. एक छोटा गेज विकत घ्या, सकाळी निघण्याआधी मोजा. खर्च सगळ्यात कमी आणि फरक पहिल्याच वळणावर कळतो.

वागळे इस्टेट

वीस वर्षं याच धंद्यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची गाडी झुलते ती उंच आहे म्हणून नव्हे. सस्पेन्शनमधलं रबर मेलंय म्हणून. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब. चाकाला जागेवर धरायचं काम खालच्या लोअर आर्मचं, आणि तो आर्म बॉडीला रबरी बुशने जोडलेला असतो. बुश फाटला की तुम्ही स्टिअरिंग फिरवता, चाक वळतं, पण आर्म आधी दोन-तीन मिलिमीटर सरकतो आणि त्यानंतर गाडी वळते. तुम्ही म्हणता तो 'क्षणभर' बहुतेक हाच. 'टक्' आवाज लिंक रॉडचा असण्याची शक्यता जास्त. तो अँटी-रोल बारला (वळणावर झुलणं कमी करणारा दांडा) स्ट्रटशी जोडतो, त्याचा बॉल जॉइंट ढिला झाला की छोट्या खड्ड्यातही वाजतो. स्टिअरिंग जागेवर पूर्ण फिरवताना कटकट होत असेल तर वरचे स्ट्रट माउंटही बघून घ्या.

आपल्याकडे हे लवकर जातं. घोडबंदरला मेट्रोचं काम, सर्व्हिस रोडचे चढउतार, न रंगवलेले स्पीड ब्रेकर, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की न दिसणारे खड्डे. शिवाय ही झीज रोज थोडी थोडी होते, त्यामुळे मालकाला कळत नाही. सर्व्हिसला गाडी दिली की ऑइल-फिल्टर बदलून देतात. कोणी लिफ्टवर चढवून पहारीने बुश हलवून बघत नाही, तुम्ही स्वतः सांगितल्याशिवाय.

गॅरेजला गेलात की गाडी वर घ्यायला सांगा आणि स्वतः खाली उभे राहा. बुशला चिरा आहेत का, शॉकअपवर तेल ओघळलंय का, टायर आतल्या कडेने जास्त झिजलाय का, एवढं कोणालाही दिसतं. शॉकअप बदलायचे तर जोडीने, एकटा डावा बदलू नका.

क्रम महत्त्वाचा. आधी बुश, लिंक रॉड, शॉकअप. मग टायर. सगळ्यात शेवटी व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं). लोक उलट करतात, फाटक्या बुशवर अलाइनमेंट करून येतात आणि पंधरा दिवसांनी 'मशीन खोटं होतं' म्हणतात.

ऐरोलीची_अंजू

वागळेदादांना अनुमोदन. माझी बाईचालकाची दोन वाक्यं जोडते (आमच्या घरी गाडी मीच चालवते, नवरा मागे झोपतो).

गाडी खाली बसवायच्या फंदात पडू नका. माझ्या भावाने बसवली होती. दिसायची झकास. पहिल्याच पावसात सोसायटीच्या उतारावर पुढचा बंपर सोडून आला. तुमच्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) १७० मिलिमीटर, त्यातले ४० गेले की उरले १३०, आणि मागे आई, लेक, ओतूरहून येताना तांदळाचं पोतं. स्प्रिंगा आखूड आणि शॉकअप तेच जुने ठेवले तर शॉकअपला हलायला जागाच उरत नाही, प्रत्येक धक्का थेट आईंच्या कंबरेत.

दुसरं, सीट. माझी सीट मी कित्येक वर्षं मागे सरकवून बसायचे. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा, आणि पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. सीट दोन खाचा पुढे घेतली आणि मला वाटलं कोणी पॉवर स्टिअरिंग दुरुस्त करून दिलं. खर्च शून्य.

नियमावली

कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदीशी आणि कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ खाली बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाजाच्या सायलेन्सरला कलम १९० वेगळं लागतं. अपघात झाला तर विमा कंपनी न कळवलेल्या बदलावर बोट ठेवणार, ते आणखी वेगळं.

झिजलेला भाग काढून तसाच नवा बसवणं हा 'बदल' नव्हे. बुश-शॉकअपबद्दल निर्धास्त राहा.

कासारवडवलीकर

सगळ्यांचे आभार. स्प्रिंगा रद्द, सायलेन्सर रद्द. सीट दोन खाचा पुढे घेतली, बायको म्हणाली आजोबांसारखा बसतोस. पण मजा आली हे खरं.

तरी दोन शंका. १६ इंची अलॉयचा मोह सुटत नाहीये. आणि रिमॅपने खरंच काही होतं का? घाटात गाडी दमते.

गोट्या_गियरवाला

टायरचा हिशोब सोपा आहे, कागदावर करा. तुमच्या व्हीएक्सआयला १६५/८० आर१४. रिम १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या, म्हणजे १६५ च्या ८० टक्के, १३२, आणि ती वर-खाली दोनदा. एकूण व्यास ६१९.६. झेडएक्सआयला कंपनी १८५/६५ आर१५ देत होती, त्याचा व्यास ६२१.५. म्हणजे चाकाचा आकार तोच, स्पीडोमीटर फसत नाही, पण भिंत १३२ वरून १२० वर येते आणि रबर २० मिलिमीटर रुंद होतं. वळताना टायर कमी वाकतो. कंपनीनेच याच गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलेला साइझ असल्यामुळे वादाला जागा कमी, तरी विमा कंपनीला कळवून ठेवा.

१६ इंचीला १९५/५५ बसतो, त्याचाही व्यास जवळपास तेवढाच, पण भिंत १०७ उरते. घोडबंदरच्या खड्ड्यात रिमची कड वाकते आणि टायरला फुगा येतो. फोटोत छान, पावसाळ्यात रडू.

बाहेरचे रिम घेतलेत तर नट ४×१०० (चार नट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर) आहे एवढ्यावर समाधान मानू नका. मधलं भोक हबवर (चाक बसतं त्या मधल्या बैठकीवर) घट्ट बसायला हवं. मोठं असेल तर रिंग घालावी लागते, नाहीतर वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं.

वागळे इस्टेट

रिमॅपचं मी सांगतो. टर्बो गाडीत हवेचा दाब वाढवता येतो, म्हणून तिथे रिमॅपने फरक पडतो. तुमचं १.२ चं इंजिन टर्बोशिवायचं, स्वतःच्या छातीने श्वास घेतं. कॉम्प्युटरमध्ये आकडे बदलून त्याची छाती रुंद होत नाही. मिळालंच तर थोडं फार, पैसे मात्र पूर्ण.

त्याऐवजी एअर फिल्टर, स्पार्क प्लग, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) साफ, आणि ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, जुनं झालं की घाट उतरताना तापून पेडल मऊ पडतं. दोन वर्षांनी बदलायची वस्तू आहे, तुमचं नऊ वर्षांचं असेल तर मला सांगूही नका.

आणि एक विचारतो, राग मानू नका. माळशेज चढताना गियर किती आरपीएमला बदलता?

कासारवडवलीकर

२,००० च्या आसपास. मायलेजसाठी.

वागळे इस्टेट

तरीच. या इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क (फिरवण्याचा जोर), ११५ न्यूटन मीटर, ४,००० आरपीएमला येतो आणि पूर्ण ताकद ६,००० ला. तुम्ही त्याला दोन हजारावर चौथ्यात कोंबता आणि म्हणता दमते. दहावीच्या पोराला बालवाडीत बसवल्यासारखं आहे हे. इंजिन गरम झाल्यावर तिसऱ्यातच राहू द्या, साडेतीन-चार हजारापर्यंत जाऊ द्या. आवाज वाढेल, घाबरू नका, रेड लाइन (मीटरवरची लाल मर्यादा) अजून लांब आहे. उतरतानाही तिसराच ठेवा, ब्रेकला विसावा मिळतो.

शून्य_ते_साठ

ओके, आवाज फुकटात मिळाला की.

कासारवडवलीकर

चार आठवड्यांनी लिहितोय. गाडी लिफ्टवर घेतली, खाली उभा राहिलो. दोन्ही लोअर आर्मचे बुश फाटलेले, डाव्या लिंक रॉडचा जॉइंट हाताने खुळखुळत होता, उजव्या शॉकअपवर तेल. मेकॅनिक म्हणाला, "अशी गाडी घाटात नेत होता?" आई शेजारी उभी होती, त्यामुळे ते वाक्य घरी अजून चालू आहे.

बुश, लिंक रॉड, पुढचे दोन्ही शॉकअप, मजुरीसकट १५,२००. झेडएक्सआयचे जुने अलॉय रिम चार, बॅलन्सिंग मशीनवर फिरवून एकही वाकडा नाही हे बघून, ९,०००. १८५/६५ आर१५ चार टायर २१,६००, तारीख बघूनच घेतले. ब्रेक ऑइल, प्लग, फिल्टर, थ्रॉटल बॉडी आणि अलाइनमेंट धरून आणखी ४,९००. बजेट ५,७०० ने ओलांडलं. स्टेपनी राहिलीच, पुढच्या पगाराला.

गेल्या रविवारी ओतूर. टोकावडे सोडल्यावर तिसऱ्यात ठेवली. पहिल्या मोठ्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी तेव्हाच वळली. नंतर नाही, तेव्हाच. मी काही बोललो नाही. बायकोने आरसा माझ्याकडे वळवला.

आई म्हणाली, कंबर दुखली नाही, पण आवाज फार करते. मायलेज एक-दीडने पडलंय, ते माझ्या पायामुळे.

आता नवीन भानगड. हायवेवर स्टिअरिंग सोडलं तर गाडी किंचित डावीकडे ओढते. अलाइनमेंटचा कागद आहे, सगळे आकडे हिरवे. परत जाऊन भांडू का?

ऐरोलीची_अंजू

रस्ताच डावीकडे उतरता असतो, पाणी निघून जावं म्हणून. थोडं डावीकडे जाणं साहजिक आहे. उजव्या लेनमध्ये, जिथे उतार कमी आहे, तिथे बघा. आणि हात सोडू नका हो, हलके ठेवा.

कासारवडवलीकर

पहाटे पाम बीच रोडवर दोन्ही लेनमध्ये बघितलं, वेगमर्यादेतच. दोन्हीकडे डावीकडेच ओढते. हवा चारही टायरमध्ये सारखी, माझ्या गेजने.

गोट्या_गियरवाला

टायरच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तर पुढचे दोन टायर आपापसात बदला. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. बाकी काही हलवू नका. तरीही डावीकडेच ओढली तर अलाइनमेंटवाल्याकडे जा.

कासारवडवलीकर

बाण नाहीये. बदलले. आता उजवीकडे ओढते.

वागळे इस्टेट

मग टायरच. बिल घेऊन दुकानात जा, घासण्याआधी.