पिंपळावरचे हरियाल आणि रविवारची छाटणी

*ए-६०१, सकाळी ७:४०*
सुप्रभात. फोटो आत्ताच गच्चीतून काढलाय. मागच्या गेटजवळच्या पिंपळाला फळं पिकलीत आणि सकाळपासून त्यावर अकरा हरियाल आहेत. सगळ्यांनी बघा.

*बी-१०४*
ही कबुतरंच ना? जाळ्या लावून लावून कंटाळलो आम्ही.

*ए-६०१*
कबुतरांच्याच कुळातला आहे काका, पण जाळ्या लावतो ते पारव्यांसाठी. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पाय हळदीसारखे पिवळे, डोकं राखाडी, खांद्यावर जांभळट डाग. दाणे टाकले तरी तो खिडकीत यायचा नाही. वड, पिंपळ, उंबर पिकले की त्या झाडावर येतो.

*सी-३०३*
मला नुसती पानंच दिसताहेत 😊

*ए-६०१*
ताई, मलाही पहिली दहा मिनिटं तसंच झालं. अंगाचा रंग पानासारखाच, आणि चाहूल लागली की सगळे एकदम थिजतात. एक पिकलेलं फळ खाली पडलं, तिथून वर बघत गेले तेव्हा पहिला सापडला. मग एकेक करून बाकीचे. फांदीच्या टोकाचं फळ हवं असलं की पोपटासारखा उलटा लोंबकळतो आणि अख्खं गिळतो. मधूनच शीळ घालतो, कुणी माणूसच हळू वाजवतोय असं वाटतं.

*बी-५०२*
काकू, मी काल खालून काढले, सगळे काळेच आले. कॅमेरा बाबांचा आहे, ३०० ची लेन्स.

*ए-६०१*
अरे, खालून मागे पांढरं आभाळ येतं, म्हणून पक्षी काळा पडतो. एक्स्पोजर एक स्टॉप वाढव, म्हणजे फोटोत उजेड दुप्पट येतो. त्यापेक्षा गच्चीतच ये, पिंपळाचा शेंडा तिथून समोरासमोर दिसतो आणि सकाळी ऊन आपल्या पाठीमागून असतं. फोकसचा एकच पॉइंट ठेव, नाहीतर कॅमेरा पुढचं पान पकडतो. शटर १/१००० सेकंदाच्या आसपास, कारण फळ तोडताना मान झटकन हलते. टाकीच्या आडोशाला बसून राहा, जागा बदलू नकोस. अर्ध्या तासात ते आपल्याला विसरतात. मोबाइलवर त्यांचा आवाज लावून बोलवायचं मात्र नाही. हे त्यांच्या विणीचे दिवस आहेत, उगाच बिचकतात.

*सचिव*
ताई, फोटो फारच सुंदर. पण रविवारी त्याच पिंपळाची छाटणी ठरली आहे. वॉर्डाच्या उद्यान विभागाची परवानगी आली आहे. पाऊस तोंडावर आलाय.

*ए-६०१*
सचिवसाहेब, त्यासाठीच सकाळी सकाळी लिहायला घेतलं. पार्किंगवर आलेली वाळकी फांदी काढायलाच हवी, गाड्या आणि पोरं खाली असतात. सकाळी हरियाल त्याच फांदीवर ऊन खात बसतात, त्यामुळे मला वाईट वाटतंय, पण तिच्याबद्दल मी अडून बसणार नाही. माझी विनंती गेटाकडच्या हिरव्या बाजूची आहे. सगळी फळं तिकडे आहेत आणि ती बाजू कुणाच्या डोक्यावर नाही. ती तेवढी ठेवा.

*बी-१०४*
फळं राहिली की भिंतीत पिंपळ उगवतात, त्याचं काय? बी विंगला गेल्या वर्षी प्लास्टर काढावं लागलं.

*ए-६०१*
काका, तुमचा मुद्दा खरा आहे. पण त्यात हरियालचा हात कमी. त्याच्या पेषणीत, म्हणजे पोटातल्या दळणाऱ्या पिशवीत, या बारीक बिया बऱ्याचशा दळून जातात. भिंतीत बी नेऊन टाकतात ते बुलबुल, साळुंक्या, कोकीळ, रात्री वटवाघळं. पावसाळ्यानंतर रोपं बोटभर असतानाच उपटली तर प्लास्टरला हात लावावा लागत नाही. बी विंगची पाहणी मी स्वतः करते, गड्याला घेऊन.

*सी-३०३*
अय्या, दिसला! पिवळे पाय दिसले!! आईंना दाखवते. त्या म्हणतात गावाला याला हरोळी म्हणायचे.

*सचिव*
ठीक. रविवारी फक्त वाळकी फांदी आणि पार्किंगवरची एक बारकी. गेटाकडच्या बाजूला हात लावायचा नाही असं ठेकेदाराला सांगतो. ताई, तुम्ही त्या वेळी खाली उभ्या राहाल का? माळ्यांना बाजू दाखवायला.

*ए-६०१*
आठ वाजल्यापासून उभी राहते. मनापासून आभार.

*बी-५०२*
काकू, उद्या किती वाजता?

*ए-६०१*
सव्वासहाला. गच्चीची किल्ली वॉचमनकाकांकडून घेऊन ठेवते. गडद रंगाचा शर्ट घाल.

*बी-१०४*
मीही येतो. दुर्बीण आहे माझ्याकडे, बरीच वर्षं कपाटात पडून आहे.