‘यू?’ : तू की तुम्ही?

निशिगंधा: सोसायटीत चॅप्लिनचा मूकपट सिटी लाइट्स (1931) दाखवतोय, मधल्या इंग्रजी पाट्या मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. शेवटाला अडलेय. मोटारीचं दार लागल्याचा आवाज ऐकून आंधळी फुलवाली त्या भणंगाला शेठ समजते, तो पण समजू देतो, तिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला पैसे देऊन जेलात जातो. सुटतो तेव्हा तिला दिसायला लागलंय, स्वतःचं दुकान आहे, नाणं देताना हाताला हात लागतो आणि कळतं. पाटीवर एवढंच, ‘यू?’ तू की तुम्ही?

खडीसाखर: तुम्ही. शेठला तू कोण म्हणतं?

वऱ्हाडी ठेचा: पण समोर तं फाटका मानूस हाय! हात लागायच्या आधी ती ‘ए, घे रे हे’च म्हनंल. लागल्यावर ‘तुम्ही?’ त्यातच सारा पिच्चर आला ना भाऊ.

निशिगंधा: हे सुचलंच नव्हतं! पण नवरा म्हणतो तुम्ही केलं की ती अजून शेठच समजतेय असं वाटेल, जवळीक तू मध्येच आहे.

कुडाळकरीण: आमच्यात वडिलांना पण तू, त्यात कमीपणा नाही. लग्न होऊन पुण्यात आले, सासऱ्यांना सवयीने ‘तू जेवलास?’ विचारलं, आठ दिवस घरात कोणी धड बोललं नाही माझ्याशी 😀

शुद्धमती: ऑपरेशन, पिच्चर... शस्त्रक्रिया, चित्रपट म्हणायला जीभ झिजते का? सावरकरांनी दिग्दर्शक, मध्यंतर असे शब्द दिले ते काय शोभेला?

वऱ्हाडी ठेचा: आमची आजी पिच्चरलेच जायची. सुरुवातीला ती ‘चेंज घेऊन जा सर’ म्हनते तिथं काय केलं?

निशिगंधा: ‘साहेब, सुट्टे राहिले.’

खडीसाखर: चूक. सुट्टे म्हणजे नोट देऊन मागतो ते. गिऱ्हाइकाला परत देतात ते वरचे पैसे. दुकानात बसलोय मी वीस वर्षं.

कुडाळकरीण: आम्ही मोड म्हणतो.

शुद्धमती: मोड मटकीला येतात.

कुडाळकरीण: रुपया मोडला की मोड, मटकी कुठून आली त्यात?

वऱ्हाडी ठेचा: चिल्लर लिवा न् मोकळे व्हा.

खडीसाखर: मग खुर्दा का नको? जुना, छान शब्द आहे.

निशिगंधा: अहो शनिवारी शो आहे, ‘यू’चं सांगा ना कोणीतरी!

शुद्धमती: खुर्दा फारसी आहे.