'आक्रमण समर्थनीय होते का?' हा प्रश्न मराठीत नीट कसा विचारायचा?

दुभाषी

एका सर्वेक्षणाची प्रश्नावली मराठीत करते आहे. एका देशाने दुसऱ्या देशात फौजा घातल्या तर ते लोकांना कधी पटते आणि कधी पटत नाही, हा विषय. बाकीचे प्रश्न झाले, एकावर अडले आहे. तो २००३ च्या इराकबद्दल आहे. मूळ इंग्रजीत 'इन्व्हेजन' आहे आणि ते 'जस्टिफाइड' होते का, असे विचारले आहे. मी लिहिले : 'इराकवरील आक्रमण समर्थनीय होते असे तुम्हाला वाटते का?'

या कामाची रीत अशी की आपला मराठी मजकूर दुसऱ्या कोणाला तरी देतात, त्याला मूळ दाखवत नाहीत. तो त्याचे पुन्हा इंग्रजी करतो आणि मग दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून ताडून बघतात. माझा प्रश्न परत आला तेव्हा त्याचा अर्थ झाला होता, 'इराकवरच्या हल्ल्याला तुमचा पाठिंबा आहे का?' त्याच्याभोवती तांबडे वर्तुळ.

मला हे लागले. आमच्या घरी 'स्वतःच्या वागण्याचं समर्थन करू नकोस' हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू यायचे. समर्थन म्हणजे केलेल्या गोष्टीची कारणे देऊन ती योग्य ठरवणे. पाठिंबा निराळा. उलट भाषांतर करणारा मुलगा चांगला मराठी आहे, मराठी माध्यमात शिकलेला. तो सरळ म्हणाला, "ताई, समर्थन म्हणजे सपोर्टच ना?"

आता काय घालू? न्याय्य, रास्त, वाजवी, उचित, की नुसते योग्य?

निरुक्त

तुमचा शब्द बरोबर आहे, तो सोडू नका. 'समर्थन' म्हणजे पाठिंबा हा हिंदीतला अर्थ, बातम्यांतून आपल्याकडे शिरला. पूर्वी सरकारला बाहेरून पाठिंबा असायचा, आता समर्थन असते. पाठिराखे गेले, समर्थक आले. आपल्याकडे दोन अर्थांना दोन शब्द होते, आपण एक टाकून दिला आणि दुसऱ्यावर दोघांचे ओझे घातले. हे नुकसान आहे.

बदलायचाच असेल तर 'न्याय्य' घ्या. पाणिनीचे सूत्रच आहे, 'धर्मपथ्यर्थन्यायादनपेते' (४.४.९२). न्यायापासून न ढळलेले ते न्याय्य. 'रास्त' फारसी, मूळ अर्थ सरळ. 'वाजवी' अरबी 'वाजिब'वरून, म्हणजे करायलाच हवे असे. युद्ध वाजवी होते म्हणणे आणि न्याय्य होते म्हणणे यात अंतर आहे.

पारिजात

मी अशा प्रश्नावल्या घेऊन दारोदार फिरले आहे, म्हणून सांगते. 'न्याय्य' कागदावर छान दिसतो, पण आपण तो मोठ्याने वाचतो तेव्हा समोरच्याला 'न्याय' ऐकू येते. "न्याय होतं का? कोणाचा न्याय?" असे विचारतात. त्या दुसऱ्या 'य'साठी वाक्य थांबवून फोड करावी लागते आणि तेवढ्यात माणूस बिचकतो.

पण माझा खरा आक्षेप वेगळ्याच शब्दाला आहे. २०२२ मध्ये युक्रेनवर असाच प्रश्न होता. 'रशियाचे युक्रेनवरील आक्रमण योग्य होते का?' एक सत्तरीतल्या बाई दारात उभ्या होत्या, एक हात कडीवर. त्यांनी मला पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाल्या, "बाई, आक्रमण म्हटलंत ना? मग योग्य कसं असेल? चोरी योग्य होती का, असं कोणी विचारतं?" मी त्यांचे उत्तर 'नाही' म्हणून नोंदवले, पण त्यांनी रशियाबद्दल काहीच सांगितले नव्हते. त्यांनी मराठी शब्दाचा अर्थ सांगितला होता.

नंतरच्या घरी मी मनानेच वाक्य बदलले, "रशियाने युक्रेनमध्ये सैन्य पाठवलं, ते बरोबर केलं का?" नियमाविरुद्ध होते, मला माहीत आहे. पण त्या घरातले गृहस्थ विचार करायला लागले.

वाटसरू

पारिजात यांनी नेमके बोट ठेवले. इंग्रजीत 'इन्व्हेजन' स्वतःच्या बाजूलाही लावतात. ६ जून १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या, त्याला ते स्वतः अभिमानाने इन्व्हेजन म्हणतात. मराठीत 'दोस्तांचे नॉर्मंडीवरील आक्रमण' लिहून बघा, जीभ अडखळते. आपण 'चढाई' म्हणू किंवा 'नॉर्मंडीत सैन्य उतरवले' म्हणू. आक्रमण करतो तो दुसरा.

२००३ च्या मार्चमध्ये मी एका दैनिकाच्या रात्रपाळीवर होतो. २० तारखेला बगदादवर बाँब पडायला लागले आणि मथळ्यावरून आमच्यात अर्धा तास वाद झाला. एकाला 'आक्रमण' हवे होते, वरिष्ठांना 'कारवाई'. शेवटी 'हल्ला' लागला, कारण हल्ला कोणीही कोणावरही करतो. तरुण सहकाऱ्याला ते पळपुटेपणाचे वाटले. मला आजही वाटते की मथळ्यासाठी तोच शब्द ठीक होता आणि अग्रलेखासाठी 'आक्रमण'.

रशियात तर शब्दासाठी तुरुंग आहे. २४ फेब्रुवारी २०२२ पासून अधिकृत नाव 'विशेष लष्करी मोहीम'. तिथल्या माध्यम नियामकाने हल्ला, आक्रमण, युद्ध हे शब्द वापरू नका असे बजावले आणि मार्चमध्ये सैन्याबद्दलच्या 'खोट्या' माहितीला १५ वर्षांपर्यंत कैदेचा कायदा आला. अशा ठिकाणी लोकमत विचारायचे तरी कोणत्या शब्दात? तिथली लेवादा संस्था 'आपल्या सैन्याच्या युक्रेनमधल्या कृतीला तुमचा पाठिंबा आहे का' असे विचारते.

काळा फळा

मी इतिहास शिकवत असे. आपल्या पाठ्यपुस्तकांची सवय बघा. आपण करतो ती मोहीम किंवा स्वारी, आपल्यावर येते ते आक्रमण. मराठ्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या १७४१ नंतर दहा वर्षे चालू होत्या. तिकडे आपल्या बारगीरांचे 'बर्गी' झाले आणि ते बाळाला झोपवण्याच्या अंगाईत भीती म्हणून जाऊन बसले. एका मुलीने वर्गात विचारले होते, "मग त्यांच्या पुस्तकात आपली स्वारी काय म्हणून असेल?" त्या दिवशीचा धडा मी तिथेच थांबवला आणि फळ्यावर दोन रकाने केले. मोहीम, स्वारी, चढाई, मुलूखगिरी एकीकडे, आक्रमण, परचक्र दुसरीकडे. मुलांनी भराभर भरले, कोणाला काही सांगावे लागले नाही.

निरुक्त

फळेसर, रकाना चुकला. नादिरशहाची स्वारी म्हणतो, अब्दालीची स्वारी म्हणतो. ते काही आपले नव्हते. 'स्वारी' फारसी 'सवार'वरून, घोडेस्वार फौजेचे चालून येणे, एवढाच तिचा अर्थ. 'मोहीम' अरबी, मूळ अर्थ महत्त्वाचे काम. 'आक्रमण'मध्ये 'क्रम्' धातू आहे, पाऊल टाकणे. अतिक्रमणातही तोच. मुळात यात निंदा नाहीच, सूर्य आकाश आक्रमतो असेही म्हणत.

उंबरठा

निरुक्त, मुळात काय होते याने आज प्रश्न वाचणाऱ्याचे काय होणार? 'विरोधक आक्रमक' हा मथळा रोज असतो. फलंदाज आक्रमक खेळला म्हणजे कौतुक. माझ्या पुतण्याला 'आक्रमक' म्हटले की तो खूश होतो. त्याच्या पिढीला 'समर्थन' म्हणजे पाठिंबाच आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. शंभरातले ऐंशी लोक एक अर्थ घेत असतील तर तो अर्थ झाला. तुमचे 'रास्त', 'वाजवी' तरी कुठून आले? ते परके चालतात आणि शेजारच्या हिंदीतून आलेला अर्थ चालत नाही, हे मला कधीच कळलेले नाही.

निरुक्त

'रास्त' आल्याने आपल्याकडे एक शब्द वाढला. 'समर्थन'चा अर्थ बदलल्याने एक भेद पुसला गेला. माझी तक्रार पुसले जाण्याबद्दल आहे, परकेपणाबद्दल नाही. आणि ऐंशी हा आकडा कुठून आणलात?

उंबरठा

आकडा बोलण्याच्या ओघात आला, मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. दुभाषींकडे आलेला तांबड्या वर्तुळाचा कागद हाच माझा पुरावा आहे.

दुभाषी

दोघांचेही पटते आणि म्हणूनच अडले आहे. एका शब्दाने किती फरक पडतो ते सांगते, कारण याच कामासाठी जुने प्रश्न चाळले. अमेरिकेत गॅलप ही पाहणी संस्था विचारते, इराकमध्ये सैन्य पाठवणे ही 'चूक' होती का. हाच साचा त्यांनी व्हिएतनामलाही वापरला होता. प्यू ही तिथलीच दुसरी संस्था विचारते, बळाचा वापर हा निर्णय 'योग्य' होता की 'अयोग्य'. मार्च २००३ मध्ये सत्तर टक्क्यांहून जास्त अमेरिकन लोकांनी प्यूला 'योग्य' सांगितले, २०१८ मध्ये ४३ टक्क्यांनी. पण चूक, अयोग्य आणि असमर्थनीय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेब चुकला म्हणून एखादा चूक म्हणेल. तोच माणूस सद्दाम जायलाच हवा होता म्हणून समर्थनीयही म्हणेल.

आणखी एक अडचण आता लक्षात आली. 'समर्थनीय होते असे वाटते का' यात आज वाटते की तेव्हा वाटत होते? ब्रिटनमध्ये २००३ च्या पाहण्यांत सरासरी ५४ टक्के लोक कारवाई योग्य म्हणत होते. यूगव्ह या तिथल्या पाहणी संस्थेने २०१५ मध्ये विचारले की तुमचे तेव्हाचे मत काय होते, तर आपण योग्य म्हणत होतो असे सांगणारे ३७ टक्केच निघाले. माणसे विसरतात, की विसरायचे ठरवतात? माझ्या वाक्यात ही फट राहायला नको.

वाटसरू

'निंदा' आठवली. एप्रिल २००३ मध्ये आपल्या संसदेत इराकवर ठराव आला. विरोधकांना इंग्रजीतला 'कंडेम', म्हणजे कडक धिक्कार, हवा होता, वाजपेयी सरकारला 'डिप्लोर' या सौम्य नापसंतीच्या पुढे जायचे नव्हते. वाट अशी निघाली की ठराव हिंदीत करायचा आणि शब्द ठेवायचा 'निंदा'. तिचे इंग्रजी कोणी काहीही करावे. दोन्ही बाजूंनी मत दिले. त्या शब्दाच्या सैलपणामुळे ठराव एकमताने झाला. दुभाषींना मात्र सैल शब्द परवडणार नाही.

पारिजात

'कायदेशीर' मात्र यात मिसळू देऊ नका. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी २००४ मध्ये इराक युद्ध बेकायदा म्हटले होते. पण १९९९ च्या कोसोव्होतल्या नाटोच्या कारवाईबद्दल स्वतंत्र आयोगाचा निष्कर्ष होता, बेकायदा पण 'लेजिटिमेट'. याला मराठी काय? मला 'बेकायदा पण रास्त' हेच सुचते. १९७९ मध्ये व्हिएतनामी फौजा कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये, शिरल्या आणि ख्मेर रूजची खुनशी राजवट संपली. ज्यांचे आईबाप त्या राजवटीत मेले त्यांना आक्रमण म्हणून विचारायला गेलो तर ते आपल्या तोंडाकडे बघत राहतील.

काळा फळा

म्हणून नाम टाळून क्रियापद वापरा, असे मी सुचवतो. 'चालून जाणे'. अमेरिका इराकवर चालून गेली. यात कोणी चोर नाही आणि कोणी मुक्तिदाताही नाही. बखरीपासून चालत आलेले अस्सल मराठी आहे.

उंबरठा

सर, 'चालून गेली' ऐकल्यावर आजच्या मुलाला पायी गेली असे वाटेल. आणि 'चाल केली' म्हणालात तर त्याला कावा वाटेल.

दुभाषी

मी आता दोन वाक्ये पाठवते आहे. निम्म्यांना एक आणि निम्म्यांना दुसरे विचारावे अशी विनंतीही केली आहे.

'२००३ मध्ये अमेरिका आणि मित्रदेशांनी इराकमध्ये सैन्य घातले. तसे करायला पुरेसे कारण होते, असे तुम्हाला आज वाटते का?'

'२००३ मध्ये अमेरिका आणि मित्रदेशांनी इराकवर आक्रमण केले. ते रास्त होते, असे तुम्हाला आज वाटते का?'

निरुक्त

'पुरेसे कारण' म्हणजे सकारण, समर्थनीय नव्हे. कारण खूनालाही असते.

पारिजात

मोठ्याने वाचून बघितले. 'सैन्य घातले' माझ्या तोंडी बसत नाही, मी 'घुसवले' म्हणेन.

काळा फळा

'घुसवले' म्हटलेत की त्या बाई पुन्हा कडीवर हात ठेवतील. 'उतरवले' बघा.

वाटसरू

इराकमध्ये फौजा कुवेतच्या बाजूने जमिनीवरून गेल्या, सर. उतरवले कुठून?